खडीच्या जागी वाळू: अंडरग्रॅव्हल फिल्टर असलेल्या तीन फुटी टाकीचं प्रकरण

टाकी ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच. तळाशी पूर्ण लांबीची अंडरग्रॅव्हल प्लेट (खडीखाली बसणारी, फटी असलेली प्लेट), मागच्या दोन कोपऱ्यांत दोन उभ्या नळ्या, दोन्ही एकाच एअर पंपावर. प्लेटवर सात सेंटिमीटर खडी. दाणा ३ ते ५ मिलिमीटरचा, फोडलेल्या दगडाचा, त्यामुळे मुठीत घेतला की कडा टोचतात. मासे म्हणजे सात ब्राँझ कोरिडोरस, दहा ब्लॅक विडो टेट्रा आणि एक ब्रिसलनोझ प्लेको. मध्ये ड्रिफ्टवूडचा एक ओंडका, त्याला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास, मागे व्हॅलिस्नेरियाची रांग. पाच वर्षं ही टाकी जागची हललेली नाही.

तक्रार कोरिडोरसच्या मिशांची होती. सातांपैकी चौघांच्या मिशा निम्म्याहून कमी उरल्या होत्या, एकाच्या तर जवळजवळ मुळापर्यंत गेलेल्या. खडी काढून वाळू घालायची, हा निर्णय बरोबरच होता. पण असं काही दिसलं की सगळा दोष खडीच्या धारेवर टाकला जातो, आणि आमच्या मते ते अर्धंच खरं आहे. कोरिडोरस वाळूत तोंड खुपसून घास घेतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पाच मिलिमीटरच्या दाण्याचं त्याला हे करता येत नाही. खाद्याचे कण फटींतून खाली उतरतात, तिथे कुजतात, आणि मासा त्याच कुजक्या फटींत दिवसभर मिशा घालत राहतो. धारेनं ओरखडा पडतो आणि घाणीतले जंतू तो चिघळवतात. म्हणून खडी तशीच ठेवून फक्त गोल दाण्याची आणली असती, तर फरक थोडाच पडला असता.

या टाकीची खरी अडचण वेगळी होती. इथे खडी ही नुसती तळाची सजावट नव्हती, तोच फिल्टर होता.

खडी हाच फिल्टर असतो तेव्हा

कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा मोठा स्पंज फिल्टर वर्षभर चाललेल्या टाकीत खडी बदलणं सोपं असतं. खाद्यातून आणि माशांच्या उत्सर्जनातून येणारा विषारी अमोनिया खाणारे बहुतेक जिवाणू फिल्टरमध्ये असतात, खडी गेली तरी टाकी थोडी डगमगते आणि सावरते. अंडरग्रॅव्हलमध्ये एअर पंपाचे बुडबुडे नळीतलं पाणी वर ओढतात, त्यामुळे टाकीतलं पाणी खडीतून खाली झिरपून प्लेटखाली येतं. प्रत्येक दाण्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. खडी बादलीत गेली की फिल्टरही बादलीत जातो.

हे किती अंगाशी येतं, त्याचा हिशेब करता येतो. रोजच्या अमोनियासाठी मत्स्यपालनात वापरलं जाणारं ढोबळ सूत्र असं आहे: खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२. दिवसाला १ ग्रॅम खाद्य, त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे रोज सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन. या टाकीत बदलानंतर सुमारे १३७ लिटर पाणी येतं. जिवाणू अजिबात नसतील तर अमोनिया रोज पाव मिलिग्रॅम प्रतिलिटरनं चढेल आणि चौथ्या दिवशी एकच्या वर जाईल. हे जिवाणू संथ वाढतात, एकाचे दोन व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. नव्या जागी पुरेसे बसायला चार ते सहा आठवडे धरावेच लागतात.

मग खडी एकदम न काढता तीन भागांत काढावी, डावा तिसरा हिस्सा या आठवड्यात, मधला पुढच्या, उजवा त्यानंतर, हा सल्ला सर्रास दिला जातो. वेगळा फिल्टर असलेल्या टाकीला तो चालतो. अंडरग्रॅव्हलला तो घातक आहे. प्लेटचा एक भाग उघडा पडला की पाण्याला सोपी वाट मिळते. सगळं पाणी उघड्या जाळीतून खाली जातं आणि उरलेल्या खडीतून झिरपणं जवळपास थांबतं. तिथला ऑक्सिजन संपतो. म्हणजे तिसरा हिस्सा काढला, पण मेला जवळजवळ सगळा फिल्टर, आणि मेलेले जिवाणू, साठलेला गाळ कुजायला टाकीतच राहिले. एअर पंप दिवसभर बंद ठेवणं किंवा प्लेटवरच वाळू ओतणं यांचाही शेवट असाच होतो. वाळू प्लेटच्या फटींतून खाली पोकळीत पडते, खाली जाळी घातली तरी वाळूतून पाणी ओढण्याइतकी ताकद बुडबुड्यांत नसते, आणि प्लेटखालचं पाणी साचून सडतं. वाळू घालायची तर प्लेट बाहेर काढावीच लागते.

म्हणून या टाकीत खडी आडव्या थरांनी कमी करायची ठरली, उभ्या तुकड्यांनी नाही. सगळ्या प्लेटवर खडी सारख्या जाडीची राहिली की पाण्याला पळवाट मिळत नाही आणि उरलेली खडी काम करत राहते.

आधीचे सहा आठवडे

पहिल्या दिवशी टेस्ट किटनं मोजलं तेव्हा पीएच ६.२, केएच (पीएच घसरू न देणारी कार्बोनेट कठीणता) १, नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमच्या वर आणि अमोनिया ०.५ होता. नळाच्या पाण्याचा पीएच ७.६, केएच ६. जुन्या, पाणी कमी बदललेल्या टाकीत असंच होतं. जिवाणू अमोनिया खाताना केएच वापरत जातात, केएच संपला की पीएच घसरतो, आणि पीएच सहाच्या आसपास आला की जिवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया उरू लागतो, पण मासे ठीक दिसतात, कारण आम्लयुक्त पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो.

घाईला इथेच फार मोठी किंमत पडते. २५ अंश तापमानाला पीएच ६.२ असताना एकूण अमोनियातला विषारी भाग ०.१ टक्क्याहून कमी असतो. पीएच ७.६ ला तो २.२ टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे सुमारे २५ पट. त्या अवस्थेत कोणी खडी बदलून टाकी नळाच्या ताज्या पाण्यानं भरली असती, तर मासे संध्याकाळपर्यंत वर येऊन धापा टाकू लागले असते, आणि दोष वाळूवर आला असता.

त्यामुळे पहिले तीन आठवडे खडीला हात लावला नाही. दर दोन-तीन दिवसांनी १० ते १५ टक्के पाणी बदललं, प्रत्येक वेळी अँटी-क्लोरीन घालून. अमोनिया आधी खाली आला, पीएच त्याच्या मागून हळूहळू वर चढला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पीएच ७.२, केएच ४, अमोनिया शून्य.

याच काळात दोन कामं समांतर चालली. एक, कॅनिस्टर फिल्टर पहिल्याच दिवशी लावला, ताशी ६०० ते ८०० लिटरचा. दुसरं काम प्लेटखालच्या गाळाचं. उभ्या नळीतली हवेची बारीक नळी आणि बुडबुडे पाडणारा खडा बाहेर काढायचा, १० ते १२ मिलिमीटरचा सायफनचा पाइप त्या उभ्या नळीतून थेट प्लेटखाली सोडायचा आणि पाच-सहा लिटर पाणी ओढायचं. पहिल्या वेळी पाणी शाईसारखं काळं येतं. दुसऱ्या नळीतून तसंच, आणि लगेच हवा पुन्हा सुरू. आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा. शेवटच्या दिवशी प्लेट उचलताना त्याखाली काय असेल, ते या सहा खेपांवर ठरतं.

कॅनिस्टर सहा आठवडे नुसता लावून ठेवला म्हणजे तो तयार झाला, असं मात्र समजू नये. टाकीत अमोनिया तेवढाच असतो आणि त्यातला बहुतेक खडी आधीच खाऊन टाकते. नव्या फिल्टरला वाढायला अन्नच उरत नाही. त्यासाठी खडीचा वाटा कमी करावा लागतो, आणि थर काढण्याचा खरा उपयोग इथे आहे.

चौथ्या आठवड्यात वरचा दीड सेंटिमीटर काढला. ७ वरून ५.५, पाचव्यात ४, सहाव्यात २.५. एका वेळी याहून जास्त नाही, कारण पाणी वरून खाली जातं, ऑक्सिजन आणि अमोनिया वरच्या थराला आधी मिळतात, आणि जिवाणूंची वस्तीही तिथेच दाट असते. मगानं वरवर खडी उचलायची, दुसऱ्या हातात सायफन धरून उठणारा गाळ तिथल्या तिथे ओढायचा, आणि शेवटी हातानं पृष्ठभाग सपाट करायचा. दीड सेंटिमीटरचा थर म्हणजे या तळावर सुमारे पाच लिटर खडी. पहिल्या थरातली दोन लिटर खडी टाकीच्याच पाण्यात हलकेच हलवून जाळीच्या पिशवीत भरली आणि कॅनिस्टरच्या खालच्या टोपलीत ठेवली. नळाच्या पाण्यात ती धुतली असती तर क्लोरीननं जिवाणू मेले असते.

प्रत्येक थर काढल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू आधी बनवतात ते, तेही विषारी) मोजले. दोन्ही शून्य आले तरच पुढचा थर. दुसऱ्या थरानंतर नायट्राइट दोन दिवस ०.२५ दिसला, म्हणून तिसरा थर तीन दिवस पुढे ढकलला.

बाटलीतले जिवाणू वापरायचे असतील तर लेबलावर नायट्रोस्पायरा आहे का ते पाहावं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचं काम मुख्यतः हेच जिवाणू करतात, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. त्याआधी श्रेय नायट्रोबॅक्टरला जायचं. पण टाकीतलीच जुनी खडी फिल्टरमध्ये असताना बाटलीची गरज पडत नाही.

वाळू

तळाचं क्षेत्रफळ साधारण ३,४८० चौरस सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर जाडीला साडेदहा लिटर वाळू लागते, म्हणजे कोरडी १६ ते १७ किलो. धुताना बारीक भाग वाहून जातो आणि पुढे सायफनमधूनही थोडी जाते, म्हणून २० किलो घेतली. कोरिडोरसला तीन सेंटिमीटर भरपूर होते. पाच-सहा सेंटिमीटर घातली तर वाळू खालून घट्ट बसते आणि ऑक्सिजन पोहोचत नाही.

दाणा ०.४ ते ०.८ मिलिमीटरचा, गोलसर, क्वार्ट्झचा. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी जी चाळलेली सिलिका वाळू मिळते ती या मापात बसते आणि तिच्यात धूळ कमी असते. नदीची वाळू चालते, पण तिच्यात माती असते आणि धुण्याचे कष्ट तिप्पट होतात. दगड दळून केलेली बांधकामाची वाळू घेऊ नये, तिचे दाणे काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार असतात आणि मग खडी काढण्याला काही अर्थच उरत नाही. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुना असतो, तो विरघळून केएच आणि पीएच वाढवतो. शंका असेल तर चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकावं. फेस आला की चुना आहे.

आणखी एक परीक्षा बाटलीची. बाटलीचा तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. चांगली वाळू काही सेकंदांत खाली बसते आणि वरचं पाणी चार-पाच मिनिटांत निवळतं. तासाभरानंतरही पाणी चहासारखं राहिलं तर ती वाळू टाकीला नको.

रंग फिकट तपकिरी घेतला. पांढऱ्याशुभ्र तळावर उजेड परावर्तित होतो, मासे फिके पडतात आणि बुजरे होतात.

धुणं दोन दिवस आधीच उरकलं. एका वेळी तीन-चार किलो, बादली अर्ध्याहून कमी भरलेली. पाइप थेट बादलीच्या तळाशी घालायचा, हातानं वाळू तळापासून उलथायची आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. आठ ते दहा पाणी लागतात. थांबायचं कधी? वाळू ढवळल्यावर पाण्याखालची आपली बोटं स्पष्ट दिसली की.

बदलाचा दिवस

आदल्या दिवशी माशांना खायला दिलं नाही. सगळं काम साडेपाच तासांत झालं, आणि त्यात क्रम सर्वांत महत्त्वाचा होता. खडीला हात लागण्याआधी स्वच्छ पाणी आणि मासे दोन्ही बाहेर असायला हवेत.

हीटरचा प्लग सर्वांत आधी काढला आणि वीस मिनिटं थांबलो. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते. मग टाकीच्या वरच्या भागातलं निवळ पाणी ओढून ४० लिटर एका झाकणाच्या टबात आणि ३० लिटर बादल्यांत साठवलं. जुन्या पाण्यात जिवाणू नगण्य असतात, ते साठवण्याचं कारण वेगळं: माशांना एका दिवसात निम्म्याहून जास्त नवं पाणी मिळू नये. कॅनिस्टरच्या दोन्ही नळ्या टबात सोडून तो तिथेच चालू ठेवला. बंद कॅनिस्टरच्या आतला ऑक्सिजन काही तासांतच संपतो, आणि सहा आठवड्यांची मेहनत त्यातच असते.

ओंडका आणि झाडं ओली असतानाच काढून टबात ठेवली. पाणी पंधरा सेंटिमीटरवर आल्यावर मासे पकडले. टेट्रा जाळीनं. कोरिडोरस मात्र प्लास्टिकच्या मगानं, कारण त्यांच्या पाठीवरचा आणि छातीच्या परांचा काटा जाळीत अडकतो, आणि सोडवताना काटा किंवा पर फाटतो. ताणाखाली कोरिडोरस विषारी स्राव सोडू शकतात, म्हणून त्यांना लहान भांड्यात दाटीवाटीनं ठेवायचं नाही. चाळीस लिटरचा टब, वर झाकण, आत हवा.

मग उरलेलं पाणी आणि खडी. शेवटच्या अडीच सेंटिमीटरमधून दीड-दीड लिटरच्या दोन पिशव्या आधी भरून टबात ठेवल्या. बाकीची प्लास्टिकच्या सुपल्यानं उचलली. धातूचं काही वापरू नये, आणि सुपली काचेवर दाबून ओढू नये, कारण मध्ये सापडलेला एक दाणा हातभर लांब ओरखडा उठवतो. कोपऱ्यांतल्या सिलिकॉनजवळ फक्त हात. रिकामी होत आलेली टाकीही जागची हलवायची नाही, तळात ओली खडी असताना एका बाजूनं उचलली तर पीळ जोडांवर पडतो.

प्लेट एका कडेनं हळू उचलली. सहा वेळा ओढूनही खाली बोटभर जाडीचा काळा गाळ होता, मागच्या उजव्या कोपऱ्यात सडक्या अंड्यासारखा वास. तो हायड्रोजन सल्फाइडचा. माशांना त्याचं अगदी थोडं प्रमाणही मारक असतं, आणि मासे टाकीत ठेवून प्लेट उचलू नये ते याचसाठी. गाळ ओढून घेतला, तळ दोनदा साध्या पाण्यानं धुऊन पुसला. साबण नाही.

वाळूच्या आधी ओंडका. तो थेट काचेवर टेकवला, खाली फोमचा पातळ तुकडा घालून. वाळूवर ठेवलेली जड वस्तू मासे खालून उकरतात तशी कलते, आणि शेवटी काचेवर आदळते. मग ओली वाळू ओंजळीनं घातली. पुढे दोन सेंटिमीटर, मागे व्हॅलिस्नेरियासाठी चार ते पाच. हा उतार काही महिन्यांत सपाट होतोच, त्याची खंत नको.

पाणी भरताना वाळूवर ताटली उपडी ठेवली आणि धार तिच्यावर धरली. आधी बादल्यांतलं जुनं पाणी, मग अँटी-क्लोरीन घातलेलं, २५ अंशाला आणलेलं नवं. पहिले दहा लिटर फार सावकाश. पाणी वीतभर झालं की वेग वाढवला तरी वाळू उडत नाही. खडी जाऊन वाळूचा थर पातळ झाल्यानं टाकीत पूर्वीपेक्षा सात-आठ लिटर पाणी जास्त मावतं. पुढे औषधाची मात्रा काढताना हे लक्षात ठेवायचं.

कॅनिस्टर टाकीत परत जोडण्याआधी दीड तास थांबलो. उडालेली वाळू आत गेली तर इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) घासून खराब होतो. पाणी ओढणारी नळी वाळूपासून दहा सेंटिमीटर वर बांधली आणि तिच्या तोंडाला स्पंज लावला. खडीच्या दोन्ही पिशव्या टाकीत ठेवल्या. मासे संध्याकाळी परत, अर्ध्या तासात टाकीचं पाणी मगानं टबात घालत घालत.

धुकं

पहिल्या रात्री पाणी राखाडी होतं. फिल्टर वूल (बारीक कण अडवणारा कापसासारखा थर) घातल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवळलं. चौथ्या दिवशी पुन्हा धूसर झालं, या वेळी दुधासारखं.

ही दोन धुकी वेगळी असतात आणि उपायही उलटे. काचेच्या ग्लासात पाणी भरून रात्रभर ठेवावं. सकाळी वरचं पाणी स्वच्छ आणि तळाशी राखेसारखी पूड दिसली तर ती वाळूची धूळ आहे, वूल बदलत राहायचं. ग्लास सकाळीही तसाच दुधाळ असेल तर पाण्यात तरंगणारे जिवाणू आहेत. ते उकरलेल्या गाळावर पोसतात आणि ऑक्सिजन खातात. अशा वेळी हवा वाढवायची, खाद्य कमी करायचं आणि फिल्टर अजिबात धुवायचा नाही. इथला ग्लास दुधाळच राहिला. एअर पंप आता मोकळा होता, तो हवेचा खडा लावून पुन्हा चालू केला. पाणी आठव्या दिवशी आपोआप साफ झालं.

सहाव्या दिवसाची गफलत

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाचण्या शून्य. चौथ्या दिवशी अमोनिया ०.२५, सहाव्या दिवशी ०.५ आणि नायट्राइट ०.२५. खाद्य तिसऱ्या हिश्श्यावर आणलं होतं, कॅनिस्टर आठवडाभर बंद पडलेला नव्हता, मेलेला मासा कुठे नव्हता. हिशेब जुळत नव्हता. एवढ्या कमी खाद्यातून रोज दहा-बारा मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन येईल, आणि तेवढं कॅनिस्टरनं एकट्यानं खायला हवं होतं.

कारण पिशवीत होतं. एक पिशवी कॅनिस्टरच्या परतीच्या धारेसमोर होती, ती ठीक. दुसरी दिसायला नको म्हणून ओंडक्यामागे वाळूवर टेकवून ठेवली होती. तिथे पाणी हलतच नव्हतं. उचलल्यावर खालच्या बाजूचे दाणे काळे, आणि तोच सडक्या अंड्याचा वास. पिशवीखालची वाळूही करडी झालेली. जिवाणूंना वाहतं पाणी मिळालं नाही, ते मेले, आणि पिशवीतला गाळ टाकीत अमोनिया सोडू लागला. जिवाणूंची शिदोरी म्हणून ठेवलेली पिशवीच घाणीचा स्रोत झाली.

पिशवी काढून टाकली, तिच्याखालची वाळू सायफननं ओढली, ३० टक्के पाणी बदललं. नायट्राइटसाठी दर दहा लिटरला १ ग्रॅम साधं मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटला अडवतं, आणि एवढं कमी मीठ कोरिडोरसला सोसतं. नवव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट ०.५. तेराव्या दिवशी दोन्ही शून्य. खाद्य तिथून दर चार दिवसांनी थोडं वाढवत पूर्ववत केलं.

जुनी खडी टाकीत ठेवायची तर धारेत ठेवा, नाहीतर अजिबात ठेवू नका. पिशवी दिसते ही फार छोटी अडचण आहे.

पुढची निगा

खडीत घाण फटींत लपते, वाळूवर ती वरच दिसते. त्यामुळे वाळू जास्त घाण वाटते, प्रत्यक्षात ती उचलणं सोपं असतं. सायफनचं तोंड वाळूत खुपसायचं नाही. पृष्ठभागाच्या एक-दोन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवायचं, गाळ भोवऱ्यासारखा उठून आत जातो. वाळू चढू लागली की पाइप बोटानं चिमटायचा, ती खाली पडते.

झाडं नाहीत तिथे आठवड्यातून एकदा बोटानं वरचा एक-दोन सेंटिमीटर हलवायचा. बाकी काम कोरिडोरस करतात. हलवताना बुडबुडे आले म्हणून घाबरायचं कारण नाही, बरेचदा ते नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडचे असतात. वास घ्यावा. वास नसेल तर काही बिघडलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं पिवळी पडली. पाच वर्षांचा गाळ हेच तिचं खत होतं, क्वार्ट्झच्या वाळूत पोषण काहीच नसतं. मुळांजवळ दर पंधरा-वीस सेंटिमीटरवर एक खताची गोळी खोल पुरली, नवी पानं हिरवी आली. जावा फर्न आणि अनुबियास ओंडक्यावरच होते, त्यांना फरक पडला नाही. काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळाचा पातळ थर आला, प्लेकोनं आणि दोन पाणीबदलांनी तो गेला. नव्या तळावर तो बहुतेकदा येतोच.

कोरिडोरस दुसऱ्याच दिवशी डोळ्यांपर्यंत वाळूत तोंड घालून कल्ल्यांतून वाळू सोडू लागले. मिशा सावकाश वाढतात. मुळाशी थोडा भाग शिल्लक असेल तर काही आठवडे ते काही महिन्यांत बऱ्यापैकी लांब होतात, मूळच गेलं असेल तर पूर्ण येतीलच असं नाही. तीन महिन्यांनी चौघांपैकी तिघांच्या मिशा भरल्या होत्या. ज्याच्या मुळापर्यंत गेल्या होत्या त्याची डावी बाजू आखूडच राहिली, पण तो बाकीच्यांबरोबर खातो आणि अंगानं भरलेला आहे.

धारेसमोरची पिशवी सहाव्या आठवड्यात काढली. त्यानंतर तीन दिवस रोज मोजलं, अमोनिया आणि नायट्राइट शून्यच राहिले. कॅनिस्टरच्या टोपलीतली दोन लिटर खडी तिथेच आहे, ती काढायचं कारण नाही.